मालमत्ता कराचा एक्सेल डेटा करप्रणालीत चढवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

करप्रणालीत डेटा चढवताना सगळ्यांचं लक्ष नाकारल्या गेलेल्या ओळींकडे असतं. लाल अक्षरांत चुकांची यादी येते, ती दुरुस्त होते, यादी रिकामी झाली की काम संपलं असं वाटतं. पण नाकारलेली ओळ निदान दिसते. खरा त्रास चुकीची असूनही मुकाट्याने स्वीकारल्या गेलेल्या ओळींचा असतो. थकबाकी दुप्पट चढते, एका घराचा मजला दुसऱ्याच्या नावावर जातो, २०११-१२ ची बाकी डिसेंबर २०११ ची तारीख होऊन बसते. हे कळतं ते बिलं वाटून झाल्यावर, खिडकीवर रांग लागते तेव्हा.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. बहुतेक ठिकाणी आधी नावं दुरुस्त होतात, मग कोड भरले जातात आणि मालमत्ता क्रमांकांचा घोळ शेवटी लक्षात येतो. तोवर केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

(लेखात अंक देवनागरीत छापले आहेत. फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांतच हवेत.)

१. आधी तारीख गोठवा आणि बेरजा लिहून ठेवा

एक कट-ऑफ तारीख ठरवा. त्या दिवसाअखेरपर्यंतचे भरणे जुन्या नोंदीत, त्यानंतरची प्रत्येक पावती नव्या प्रणालीत. ही तारीख वसुली, आकारणी आणि संगणक या तिन्ही विभागांनी लेखी मान्य केलेली असावी. "काम चालू आहे तोवर जुन्यातही घेऊ" असं झालं की जुळवणी कधीच बसत नाही.

फाइलच्या तीन पातळ्या ठेवा: मूळ, काम, लोड. मूळ फाइल केवळ वाचण्यासाठी. तिला कुलूप लावा आणि प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा. दुरुस्त्या कामाच्या फाइलमध्येच होतील. लोड फाइल प्रत्येक वेळी तिच्यातून नव्याने काढायची, तिला हाताने हात लावायचा नाही.

फाइलला हात लावण्याआधी नियंत्रण बेरजा काढा, त्याही सही झालेल्या मागणी नोंदवहीतून. एक्सेलमधून काढलेली बेरीज एक्सेलची चूकच पुन्हा सांगेल. प्रत्येक प्रभागासाठी एवढं हवं:

- मालमत्तांची संख्या
- चालू मागणी, करप्रकारनिहाय
- मागील थकबाकी: मूळ रक्कम वेगळी, व्याज किंवा शास्ती वेगळी
- आगाऊ जमा
- करमाफ मालमत्तांची संख्या

तपासणी: या बेरजांवर जबाबदार अधिकाऱ्याची सही घ्या. नंतर फरक निघाला तर "मूळ आकडा कोणता" यावरचा वाद इथेच मिटतो.

२. प्रणालीचा नमुना मिळवा आणि रकान्यांची जोडणी कागदावर करा

पुरवठादाराकडून रिकामा नमुना घेऊन भागत नाही, सोबत रकान्यांचा तपशील मागा. प्रत्येक रकाना सक्तीचा आहे की ऐच्छिक, मजकूर की संख्या, कमाल लांबी किती, कोणते कोड चालतात, तारीख कोणत्या रूपात हवी.

लांबीबद्दल एक प्रश्न आवर्जून विचारा: ती अक्षरांत मोजली आहे की बाइटमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या एककात? यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. ५० बाइटच्या रकान्यात जेमतेम १६ चिन्हं बसतात. तीन भावांची सामाईक नावं असलेली ओळ तिथे अर्ध्यात तुटते, आणि काही प्रणाली ती कोणतीही सूचना न देता तोडतात.

मग दोन स्तंभांचा तक्ता करा. डावीकडे आपल्या फाइलमधला रकाना, उजवीकडे प्रणालीचा. जे जुळत नाहीत त्यांच्यासमोर निर्णय लिहा: वगळायचा, विभागायचा, की शेरा म्हणून ठेवायचा. जुना मालमत्ता क्रमांक वगळण्याचा मोह टाळा. पुढची दोन-तीन वर्षं नागरिक जुनीच पावती घेऊन येतात आणि शोध त्याच क्रमांकावर घ्यावा लागतो.

३. फाइल उघडताना होणारं नुकसान

सर्वांत जास्त डेटा बिघडतो तो डबल-क्लिकने. जुन्या प्रणालीतून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतः ठरवतं, आणि मालमत्ता क्रमांकांच्या बाबतीत त्याचा अंदाज हमखास चुकतो:

- ००४५ चा ४५ होतो.
- ३-१२ किंवा ५/१२ ची तारीख होते.
- १२-ई-४ ठीक राहतो, पण मधल्या रेघा नसतील आणि ई इंग्रजी असेल तर १२ई४ चा १,२०,००० होतो.
- १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे १५ नंतरचे अंक शून्य होतात. ते परत मिळत नाहीत.

नंतर रकान्याचं स्वरूप "टेक्स्ट" केल्याने हरवलेलं काहीच परत येत नाही. तारखेवर टेक्स्ट लावलं तर ४०८७८ सारखा आकडा दिसतो. तो त्या तारखेचा अनुक्रमांक, मूळ क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.

बरोबर पद्धत अशी: रिकामी वर्कबुक उघडा, "डेटा" मेनूतून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" निवडा, फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि "ट्रान्सफॉर्म डेटा"मध्ये जाऊन सर्व रकाने टेक्स्ट करा. हो, रकमांचे सुद्धा. संख्येत रूपांतर नंतर, आपल्या नजरेखाली करायचं. तिथे "चेंज्ड टाइप" नावाची पायरी आपोआप लागलेली असते. ती आधी काढून टाका, नाहीतर तिने केलेली मोडतोड तशीच राहते.

सावधान: मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आपोआप रूपांतर बंद करण्याचे पर्याय आहेत. पुढची शून्यं, लांब अंक आणि ई-रूप त्याने वाचतं, पण ३-१२ ची तारीख होणं थांबत नाही. त्या पर्यायाच्या भरवशावर डबल-क्लिक करू नका.

तपासणी: क्रमांकाच्या रकान्यात सर्व नोंदी डावीकडे चिकटलेल्या दिसायला हव्यात. उजवीकडे सरकलेली प्रत्येक नोंद एक्सेलने संख्या किंवा तारीख मानलेली आहे. त्या नोंदी मूळ फाइलवरून पुन्हा घ्या, अंदाजाने भरू नका.

४. रचना सपाट करा

प्रणालीला एक शीर्षक ओळ आणि खाली एका नोंदीची एक ओळ एवढंच समजतं. नोंदवहीवरून टंकलेल्या फाइलमध्ये याखेरीज बरंच काही असतं.

जोडलेले सेल सोडवा. ते सोडवले की मूल्य फक्त वरच्या डाव्या सेलमध्ये उरतं, बाकीचे रिकामे होतात. खाली सांगितलेल्या बेरजेच्या ओळी काढून झाल्या की रकाना निवडून "गो टू स्पेशल"मधून "ब्लँक्स" घ्या, बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरच्या बाणाची कळ दाबा आणि कंट्रोल-एंटर करा. वरचं मूल्य खाली भरलं जातं. लगेच कॉपी करून "पेस्ट स्पेशल – व्हॅल्यूज" करा. सूत्रं तशीच ठेवली आणि मग क्रमवारी लावली तर प्रभागच बदलतात.

मधल्या बेरजेच्या ओळी काढा. "पान बेरीज", "एकूण", "मागील पानावरून", "पुढे नेले" अशा ओळी क्रमांकाशिवाय असतात, पण क्रमांकाचा रकाना वरून भरताना त्यांनाही क्रमांक मिळतो आणि अख्ख्या पानाची मागणी एका घराच्या नावावर चढते. त्यामुळे या ओळी आधी काढायच्या आणि रिकाम्या जागा त्यानंतर भरायच्या. उलट केलंत तर त्या ओळखूही येत नाहीत.

एका सेलमध्ये दोन गोष्टी असतील तर विभागा: "तळ + पहिला", "निवासी/दुकान", "२ खोल्या, ४५ चौ.मी.". एकाच सेलमधले ओळींचे तुकडे, म्हणजे ऑल्ट-एंटरने टाकलेल्या नव्या ओळी, 'सबस्टिट्यूट' या बदलीच्या सूत्राने काढा. सीएसव्ही वाचताना काही प्रणाली तिथेच ओळ संपली असं समजतात आणि पुढचे सगळे रकाने सरकतात.

रंगाला अर्थ असेल तर तो अक्षरांत उतरवा. पिवळी ओळ म्हणजे वादग्रस्त, लाल म्हणजे करमाफ असं कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. सीएसव्हीमध्ये रंग जात नाहीत. रंगानुसार फिल्टर लावा, शेजारी "स्थिती" रकाना करून भरा.

सावधान: एकच रकाना निवडून क्रमवारी लावू नका. "एक्स्पांड द सिलेक्शन" विचारलं की थांबून वाचा. नावं एका क्रमात आणि रकमा दुसऱ्या क्रमात गेल्या तर बेरीज तंतोतंत जुळते, म्हणून कोणतीच बेरीज-तपासणी ही चूक पकडत नाही. यावर उपाय म्हणजे काम सुरू करताच पहिल्या रकान्यात १ पासून अनुक्रमांक देणे आणि तो शेवटपर्यंत न काढणे. शंका आली की मूळ फाइलमधल्या त्याच अनुक्रमांकाशी वीसेक ओळी ताडून बघता येतात.

फिल्टर लावलेल्या यादीत पेस्ट करणंही तितकंच धोक्याचं. पेस्ट केलेलं लपलेल्या ओळींतही जाऊन बसतं.

५. मराठी मजकूर

आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फाँटमध्ये वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतांत, आहे का ते बघा. नावांचा रकाना निवडून फाँट निर्मला यूआय किंवा मंगल करा. मराठी तशीच वाचता आली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर मजकूर कृतीदेव, श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे. प्रत्येक फाँट कुटुंबाची मांडणी वेगळी, त्यामुळे रूपांतरकही त्याचाच हवा. एका फाइलमध्ये दोन फाँट सापडणं नवलाचं नाही, विशेषतः दोन ऑपरेटरांनी काम वाटून घेतलं असेल तर. आधी फाँटनुसार ओळी वेगळ्या करा, मग रूपांतर करा.

सेलमध्ये खरोखरच इंग्रजीत लिहिलेलं काही असेल, उदाहरणार्थ विंगचं अक्षर, तर रूपांतरक त्यालाही मराठी समजून वाट लावतो. असे सेल बाजूला काढा. रूपांतर झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी असलेली नावं वाचा: शर्मिला, कार्तिक, निर्मला. रूपांतरक चुकला असेल तर तो इथेच दिसतो.

युनिकोड असूनही न दिसणारी गडबड उरते. "कुऱ्हाडे" हे नाव घ्या. एका ऑपरेटरने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं, दुसऱ्याने र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं टंकलं. पडद्यावर दोन्ही सारखी. चिन्हं मोजणारं 'लेन' सूत्र लावा: पहिल्याची लांबी ८ येते, दुसऱ्याची ९. प्रणालीच्या शोधात ही दोन वेगळी माणसं ठरतात. एकाचं नाव शोधलं की दुसऱ्याची मालमत्ता सापडत नाही.

सफाईचा क्रम असा ठेवा:

१. र, हलन्त, अदृश्य जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. जोडक मिळवण्यासाठी 'युनिचार' या सूत्राला ८२०५ हा त्याचा क्रमांक द्या.
२. र आणि सुटा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशी जोडी असेल तर तिथेही ऱ करा.
३. उरलेले अदृश्य जोडक, ८२०५ आणि ८२०४, काढा.
४. न तुटणारी मोकळी जागा, म्हणजे 'युनिचार' १६०, साध्या जागेने बदला.
५. न छापली जाणारी चिन्हं काढणारं 'क्लीन', आणि सर्वांत शेवटी जादा मोकळ्या जागा काढणारं 'ट्रिम'.

तिसरी पायरी पहिल्याच्या आधी केली तर "कुऱ्हाडे"चं "कुर्हाडे" होतं, आणि बिलावर चुकीचं नाव छापून येतं. चौथी वगळली तर 'ट्रिम' काही उपयोगाचं नाही, कारण ते १६० क्रमांकाची जागा ओळखत नाही. वेबपानावरून उचललेल्या याद्यांत ही जागा हटकून असते.

नावांचं शुद्धलेखन मात्र सुधारत बसू नका. "पाटिल"चं "पाटील" करण्याचा अधिकार डेटा चढवणाऱ्याला नाही. नोंदवहीत आहे तसं जाऊ द्या.

६. मालमत्ता क्रमांक

पुढचे सगळे तक्ते याच एका रकान्यावर टांगलेले असतात, म्हणून इथे वेळ घालवा.

एक रूप ठरवा आणि लिहून ठेवा. उदाहरणार्थ प्रभाग दोन अंकी, रेघ, क्रमांक पाच अंकी, मग पोटक्रमांक. ४/१२३अ, ०४-१२३-अ, ४-१२३ अ ही तिन्ही रूपं एकाच घराची असतात. इंग्रजी ए आणि देवनागरी अ यांतलं एकच ठेवा. इंग्रजी ओ आणि शून्य यांची सरमिसळ शोधा. मूळ रकाना पुसू नका, नवं रूप शेजारच्या रकान्यात तयार करा.

मग दुबार क्रमांक बघा. एखादं मूल्य किती वेळा आलं ते मोजणारं 'काउंटइफ' सूत्र लावून १ पेक्षा जास्त आलेल्या ओळी वेगळ्या पत्रकात काढा. इथे एक सापळा आहे. 'काउंटइफ' मजकूर म्हणून ठेवलेल्या अंकांनाही संख्या मानून तुलना करतं. म्हणून १६ किंवा त्याहून जास्त अंकी क्रमांकांत पहिले १५ अंक सारखे असले की ते त्यांना एकच समजतं आणि नसलेले दुबार दाखवतं. अशा क्रमांकांसाठी पिव्होट टेबल (एक्सेलचा गटवार सारांश तक्ता) वापरा. त्याच खोडीमुळे ००४५ आणि ४५ हेही दुबार दिसतात, पण तिथे मात्र नीट बघा, ते खरोखर एकच असण्याची शक्यता बरीच.

दुबार सापडले की "रिमूव्ह डुप्लिकेट्स" दाबू नका. त्यात पहिली ओळ राहते, बाकीच्या जातात, कोणत्या गेल्या ते सांगितलं जात नाही. दुबार तीन प्रकारचे असतात:

- तीच ओळ दोनदा टंकलेली. एक काढा.
- वाटणीनंतर एका क्रमांकाचे दोन धारक झाले, पण पोटक्रमांक दिलेला नाही. आकारणी विभागाकडून पोटक्रमांक घ्या.
- टंकताना क्रमांक चुकला, ती मालमत्ता मुळात वेगळीच. नोंदवही उघडा.

फरक ओळखायला क्षेत्रफळ आणि मागणी बघा. दोन्ही सारखे असतील तर पहिला प्रकार, निराळे असतील तर दुसरा किंवा तिसरा. शेवटचा निर्णय आकारणी लिपिकाचा आणि त्याच्या शेऱ्यासह.

तपासणी: दुबार शून्य, रिकामे शून्य, आणि एकूण संख्या पहिल्या टप्प्यातल्या प्रभागनिहाय आकड्याशी जुळलेली. यात एकचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका. संख्येत "जवळपास" चालत नाही.

७. वर्णनांच्या जागी कोड

वापर, बांधकाम प्रकार, मजला, प्रभाग, करप्रकार या रकान्यांची पिव्होटने वेगवेगळ्या मूल्यांची यादी काढा. "निवासी" एकच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात निवासी, निवासि, रहिवासी, राहते घर, घर, आणि शेवटी मोकळी जागा असलेलं निवासी अशी रांग निघते. प्रत्येकासमोर प्रणालीचा कोड लिहून जोडतक्ता करा आणि त्याच्या आधारे कोड भरा.

तक्त्यातून मूल्य शोधून आणणारं 'व्हीलुकअप' सूत्र वापरत असाल तर त्याचा चौथा भाग "फॉल्स" द्याच. तो सोडला तर एक्सेल जवळपासचं मूल्य उचलतं आणि चूक न दाखवता भलताच कोड भरतं. दुकानाला गोदामाचा दर लागतो, ओळ नाकारलीही जात नाही. 'एक्सलुकअप' मुळात तंतोतंत जुळणीच बघतं, ते उपलब्ध असेल तर तेच बरं.

न जुळलेल्या मूल्यांना "इतर" कोड देऊन मोकळं होण्याची सवय वाईट. "इतर"चा दर प्रणालीत शून्य असेल तर त्या मालमत्तांना बिलच निघत नाही.

क्षेत्रफळाचं एकक एकच असावं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. एकाच रकान्यात दोन्ही मिसळले असतील तर करयोग्य मूल्य भागिले क्षेत्रफळ असा रकाना करा. सारख्या वापराच्या ओळींत काहींचा भागाकार सुमारे दहापट कमी आला तर तिथे फूट लिहिलेले आहेत.

८. रकमा, वर्षं, तारखा

रकमेच्या रकान्यातून स्वल्पविराम, "रु.", "/-", "निरंक", एकटी रेघ हे सगळं काढा. देवनागरी अंक असतील तर दहाही अंक एकेक करून इंग्रजी अंकांत बदला. मग 'व्हॅल्यू'ने संख्या करा.

'सम' हे सूत्र मजकुरातल्या अंकांना गुपचूप वगळतं, चूक दाखवत नाही. म्हणून बेरजेवर विश्वास ठेवण्याआधी 'काउंट' आणि 'काउंटए' शेजारी शेजारी काढा. 'काउंट' फक्त संख्या मोजतं, 'काउंटए' भरलेले सगळे सेल. दोन्ही समान नसतील तर जेवढा फरक, तेवढ्या रकमा अजून मजकूर आहेत.

शून्य आणि रिकामं यांचा अर्थ वेगळा. शून्य म्हणजे देणं नाही, रिकामं म्हणजे माहिती नाही. रिकाम्यांची यादी वसुली विभागाकडे पाठवा, स्वतःहून शून्य भरू नका.

रकमा ओळीत दाखवल्या जातात दोन दशांशांत, पण आत बऱ्याचदा पाच-सहा दशांश असतात. आधी प्रत्येक ओळ 'राउंड'ने पक्की करा, मग बेरीज घ्या. उलट केलं तर प्रभागामागे काही रकमेचा फरक उरतो आणि तो शोधण्यात दिवस जातो.

थकबाकीत मूळ कर आणि व्याज वेगळे ठेवा. एकत्र चढवले तर प्रणाली व्याजावर व्याज लावते. दुसरं, थकबाकी कट-ऑफ तारखेची निव्वळ बाकी असेल तर जुन्या पावत्या वजावटीसाठी पुन्हा चढवू नका, एकच भरणा दोनदा वळता होतो. पावत्यांचा इतिहास हवाच असेल तर तो "फक्त माहिती" स्वरूपात घेता येतो का ते पुरवठादाराला विचारा. आगाऊ जमा उणे थकबाकी म्हणून जायची की वेगळ्या रकान्यात, हेही त्याच बैठकीत ठरवा.

आता वर्षाचा रकाना. एक्सेलला २०११-१२ म्हणजे वर्ष २०११, महिना १२ वाटतो. म्हणून २०००-०१ ते २०११-१२ या सगळ्या वर्षांच्या तारखा होतात. २०१२-१३ पासून पुढची वर्षं शाबूत राहतात, कारण तेरावा महिना नसतो. रकान्यात जुनी वर्षं उजवीकडे आणि नवी डावीकडे दिसली की हेच झालं आहे. हे नुकसान मात्र भरून येतं: त्या सेलमधलं वर्ष, रेघ आणि दोन अंकी महिना 'टेक्स्ट' सूत्राने जोडा, मूळ आर्थिक वर्ष परत मिळतं.

तारखांमध्ये दिवस-महिन्याची अदलाबदल बघा. यंत्रावर अमेरिकी पद्धत असेल तर ०५/०४ हे ४ मे होतं, पण २५/०४ तसंच मजकूर म्हणून राहतं. रकान्यात काही नोंदी तारीख आणि काही मजकूर असतील तर ज्या "बरोबर तारीख" दिसतात त्याच संशयित धरा. पूर्णविराम देऊन लिहिलेल्या तारखा वेगळ्या काढून दिवस, महिना, वर्ष तोडून जोडा.

९. एका रुंद पत्रकाचे चार तक्ते

मालमत्ता, धारक, मजले आणि थकबाकी असे चार तक्ते करा. चारही तक्त्यांत मालमत्ता क्रमांक सहाव्या टप्प्यात ठरवलेल्या रूपातच हवा.

थकबाकी साधारणपणे आडवी पसरलेली असते, प्रत्येक वर्षाचा आणि कराचा वेगळा रकाना. प्रणालीला ती उभी हवी असते: क्रमांक, वर्ष, करप्रकार, रक्कम. पॉवर क्वेरीत ("ट्रान्सफॉर्म डेटा"ने उघडते ती खिडकी) क्रमांकाचा रकाना निवडून "अनपिव्होट अदर कॉलम्स" करा. हाताने कापा-चिकटवा करू नका.

उभं केल्यावर ओळी किती होतात याचा अंदाज घ्या. १२,००० मालमत्ता, ५ वर्षं, ४ करप्रकार म्हणजे २,४०,००० ओळी. जुन्या एक्सएलएस स्वरूपात ६५,५३६ च्या पुढे जागाच नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली याच मर्यादेमुळे कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण नोंदीतून सुटले होते. एक्सएलएसएक्समध्ये मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे.

तपासणी: मजल्यांच्या आणि थकबाकीच्या तक्त्यातला प्रत्येक क्रमांक मालमत्तांच्या तक्त्यात सापडला पाहिजे. उलटही बघा: मोकळा भूखंड नसलेल्या प्रत्येक मालमत्तेला किमान एक मजला हवा.

१०. लोड फाइल काढणे

सूत्रं मूल्यांत बदला. रकमांचं स्वरूप दोन दशांश, स्वल्पविरामाशिवाय ठेवा. सीएसव्हीमध्ये एक्सेल आतली किंमत लिहीत नाही, पडद्यावर दिसते ती लिहितं. दशांश लपवलेले असतील तर ते कायमचे जातात. तारखांनाही प्रणालीला हवं तेच रूप आधी द्या.

"सेव्ह अॅज"मध्ये "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडा. नुसतं "सीएसव्ही" निवडलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात.

शीर्षकं नमुन्यातून कॉपी करा, टंकू नका. सगळं बरोबर असून "पहिला रकाना सापडला नाही" अशी चूक आली तर ती बहुधा फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य बॉम खुणेची (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या चिन्हाची) असते. नोटपॅडमध्ये उघडून "यूटीएफ-८, बॉमशिवाय" असं साठवा.

सावधान: तयार लोड फाइल खात्रीसाठी एक्सेलमध्ये उघडून बंद करताना "सेव्ह" दाबू नका. तिसऱ्या टप्प्यातलं सगळं नुकसान त्या एका होकाराने परत येतं. बघायची असेल तर नोटपॅडमध्ये बघा.

११. चाचणी लोड

पहिल्या पन्नास ओळी चढवून काही कळत नाही, त्या एकाच गल्लीतल्या आणि एकाच प्रकारच्या असतात. चाचणीसाठी तीसेक ओळी मुद्दाम निवडा: सर्वांत लांब नाव, ऱ असलेलं आडनाव, पाच धारकांची मालमत्ता, तीन मजले आणि मिश्र वापर, मोकळा भूखंड, करमाफ, आगाऊ जमा असलेली, सर्वांत जुनी थकबाकी असलेली, शून्य बाकीची, पोटक्रमांकाची.

चाचणी सर्व्हरवरच करा. क्रम ठरलेला आहे: आधी प्रभाग, वापर, दर हे आधार तक्ते, मग मालमत्ता, धारक, मजले, आणि शेवटी थकबाकी. क्रम उलटला तर "मालमत्ता अस्तित्वात नाही" अशा हजारो खोट्या चुका येतात.

पडद्यावर नोंद दिसली म्हणून थांबू नका, बिल काढा. जुन्या बिलाशेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडा. फरक डेटाचा आहे की प्रणालीतल्या दराचा, हे इथेच ठरवा. दराचा असेल तर पुरवठादाराने दुरुस्त करावा. आपला डेटा वाकवून बिल जुळवू नका, पुढच्या वर्षी तेच घर पुन्हा चुकतं.

१२. प्रत्यक्ष लोड आणि जुळवणी

लोडच्या आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो परत बसवून पाहिला आहे ना, ते विचारा. एकेक प्रभाग स्वतंत्र तुकडी म्हणून चढवा आणि तुकडीचा क्रमांक नोंदवा. गडबड झाली तर तेवढीच तुकडी मागे घेता येते.

प्रणाली "नवी नोंद" करते की "असेल तर बदल", हे सुरुवातीलाच माहीत करून घ्या. मध्येच वीज गेली किंवा पान अडकलं म्हणून तीच फाइल पुन्हा चढवली, की पहिल्या प्रकारात थकबाकी दुप्पट होते. अडकल्यास आधी चढलेल्या ओळी मोजा.

नाकारलेल्या ओळींची फाइल मिळाली की दुरुस्ती तिच्यात करू नका. कामाच्या फाइलमध्ये करा, आणि तेवढ्याच ओळींची नवी लोड फाइल काढा. नाहीतर कामाची फाइल आणि प्रणाली यांत फरक पडत जातो आणि दोन आठवड्यांनी कुठलं खरं ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक प्रभागानंतर प्रणालीच्या अहवालातून पाच आकडे घ्या आणि पहिल्या टप्प्यातल्या सही झालेल्या बेरजांशी लावा. संख्येत फरक शून्य. रकमेत फरक असेल तर तो मालमत्ता क्रमांकानिशी समजावता यायला हवा; "राउंडिंगमुळे असेल" हे उत्तर स्वीकारू नका, आठव्या टप्प्यानंतर राउंडिंगला जागाच उरत नाही. प्रणालीतला आकडा बरोबर दुप्पट असेल तर पुन्हा चढलेली तुकडी शोधा. फरक एखाद्या पानाच्या बेरजेइतका असेल तर बेरजेची ओळ राहून गेली आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असू शकते, ५४० चे ४५० वगैरे.

बेरजा जुळल्यावर प्रत्येक प्रभागातून दहा-पंधरा मालमत्ता नोंदवहीवरून निवडा आणि नाव, क्षेत्रफळ, बाकी एकत्र ताडा. क्रमवारी सरकल्याची चूक फक्त इथेच सापडते.

हे झालं की कामाची फाइल बंद करा आणि तिच्यावर कुणी नव्या नोंदी घेणार नाही असा लेखी आदेश काढून घ्या. धारकांचे मोबाइल आणि ओळख क्रमांक असलेल्या सगळ्या प्रती मेल, पेनड्राइव्ह आणि ऑपरेटरांच्या यंत्रांवरून पुसा. मूळ फाइल, जोडतक्ता, दुबारांवरचे शेरे आणि सही झालेल्या बेरजा एवढंच जपून ठेवा. लेखापरीक्षणात विचारतात ते हेच.